लाकडाचे दोन उन्हाळे

अकोल्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत मी एकवीस वर्षं नोकरी करतो आहे. काम सांगायला सोपं आहे. आलेल्या प्रत्येक लॉटमधून चारशे दाणे मोजून घ्यायचे, ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे, ठरलेल्या दिवशी उघडून किती उगवले ते लिहायचं. तीनशे अकरा उगवले तर तीनशे अकराच लिहायचे. एकदा वरच्या साहेबांनी एका लॉटबद्दल नुसतं ‘पुन्हा एकदा बघा की’ म्हटलं होतं. मी पुन्हा बघितलं, पहिल्यापेक्षा चार कमी निघाले, ते चार कमी लिहिले. बढाई म्हणून हे सांगत नाही. पुढे जे झालं त्यात माझा एकही आकडा खोटा नव्हता, एवढं आधी माहीत असावं.

राहायला आम्ही अमरावतीला, राजापेठेच्या मागच्या बाजूला. सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरायची, अकोल्याला उतरायचं, संध्याकाळी तीच वाट उलटी. घराच्या मागे थोडी मोकळी जागा आहे. तिथे टिनाच्या सावलीत विटांवर रचलेले ओंडके असतात. ते बायकोचे.

बायको अकोल्याची, सुताराची मुलगी. तिचे वडील आधी बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची चाकं करत. बंड्या कमी झाल्या तशी दारं-चौकटी करू लागले. पण पोळ्याच्या आधीचे दोन-तीन महिने ते फक्त लाकडी बैल करत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलांचा तान्हा पोळा असतो. चाकांच्या फळीवर उभा केलेला लाकडी बैल सजवून मुलं दोरीनं ओढत घरोघरी नेतात. बायका बैलाला ओवाळतात आणि मुलाच्या हातावर बोजारा ठेवतात, म्हणजे थोडे पैसे नाहीतर खाऊ. सासऱ्यांचे बैल घ्यायला लोक अकोटहून येत. पुढे त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, आणि एक दिवस त्यांनी आपल्या पटाश्या आणि तासायचा वाकस पोत्यात घालून मुलीकडे पाठवून दिले. निरोप काहीच नव्हता.

ती तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती. राजापेठेतल्या दोन साडीच्या दुकानांचं फॉल-पिकोचं काम ती ओसरीवर मशीन ठेवून करायची. पंधरा वर्षं करत होती आणि पंधराही वर्षं तिला ते आवडत नव्हतं. पहिल्या वर्षी तिनं वडिलांकडच्या जुन्या लाकडाचे तीन बैल केले. मग चार, मग सात, मग अकरा, मग चौदा.

वाढ इतकी हळू होती, कारण लाकूड. रस्ता रुंद करताना पाडलेले कडुनिंब आरागिरणीवर येत, त्यातले ओंडके ती हिवाळ्यात निवडून आणायची. एका ओंडक्याचा एक बैल, पाय-पोट-मान सगळं एकसंध. ओंडक्याच्या दोन्ही टोकांना शेणमातीचा जाड लेप द्यायची, गेरूनं तारीख घालायची. आमच्याकडे लाकडाला भीती ओलीची नसते, उन्हाची असते. मे महिन्यात ती ढिगावर ओली पोती टाकायची, दिवसातून तीनदा भिजवायची, म्हणजे लाकूड एकदम आटू नये. सासऱ्यांचा नियम होता, “लाकडाले दोन उन्हाळे दाखवा लागते, पन दुरून.” दोन उन्हाळे झाल्याशिवाय ओंडक्याला पटाशी लागायची नाही. म्हणजे दोन वर्षांनी किती बैल होणार, ते आजच ठरवायचं.

मला ही पद्धत पटण्यासारखी होती. आमच्या धंद्यातही पेरायच्या बियाण्याची तयारी दोन-तीन हंगाम आधी सुरू होते. मी घरी एक काटा आणला आणि दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक ओंडका तोलून वहीत लिहू लागलो.

“लेकराचं वजन घेतल्यावानी घेऊन राह्यले तुमी,” ती हसायची. “बाळसं कवा धरनार म्हंते तुमची वही?”

शेजारचे एक गृहस्थ कुंपणावरून विचारायचे, “वहिनी, बैल म्हातारे झाल्यावरच विकता का?” ती म्हणायची, “हो. तुमच्यासारखे पिकू द्या लागते.”

तिच्या बैलांबद्दल एवढंच सांगतो की कुठलेही दोन सारखे नसत. एकाचा कान दुमडलेला, एकाची मान नुकतं जू काढल्यासारखी खाली. शेतातली जोडी विकावी लागलेले लोक मोबाइलमध्ये फोटो घेऊन यायचे आणि हा असा करून द्या म्हणायचे. तिचा बेत मला ठाऊक होता. चौदाचे सोळा, सोळाचे चोवीस, चोवीसचे तीस. तीस बैल विकले जाऊ लागले की पिकोची मशीन बंद. एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी लागणारी वर्षं तिनं मोजून ठेवली होती, आणि मागच्या अंगणात त्या हिशेबानं ओंडके रचलेले होते. सोळा दोन उन्हाळे झालेले, चोवीस एक उन्हाळा झालेले, आणि तीस नुकतेच आणलेले.

चौदा बैलांनंतरच्या फाल्गुनात एका शाळेच्या मुख्याध्यापिका घरी आल्या. आमच्याकडचा एक बैल त्यांनी आदल्या वर्षी भाच्यासाठी नेला होता. त्यांना दुसरीच्या वर्गासाठी चाळीस बैल हवे होते, प्रत्येक मुलाला एक. हे जमलं तर दर वर्षी.

बायको म्हणाली, “यंदा सोळा देऊ शकते मॅडम. बाकीचे पुढच्या वर्षी.”

“अहो, तोवर ही मुलं तिसरीत जातील,” मॅडम हसून म्हणाल्या. “चाळीस मुलांत सोळा बैल वाटले तर मलाच कोणीतरी जुंपेल. आठ दिवसांत सांगा.”

त्या गेल्यावर मी मागच्या अंगणात गेलो. सोळा आणि चोवीस, चाळीस. बेरीज इतकी नेमकी बसली की मी तिथेच थोडा वेळ उभा राहिलो. मी शकुन मानत नाही. पण आकडा नेमका बसला की माझी अक्कल जरा मागे राहते, हे मला आता कळतं.

माझं म्हणणं असं होतं. बियाणं ओलं येतं, आम्ही ते कंपनीच्या ड्रायरमध्ये गरम हवेवर वाळवतो. ठराविक ओलावा उरला की काम झालं. ओलावा ही मोजायची गोष्ट आहे, वाट बघायची नाही. चोवीस ओंडक्यांत साधारण बावीस टक्के ओलावा होता, सोळांमध्ये बारा. म्हणजे दहा टक्क्यांचा प्रश्न होता, आणि चैत्रात ड्रायर काही दिवस रिकामा असतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. हातातल्या साडीची पट्टी पूर्ण केली, दोरा तोडला.

“मी लाकूड असं कधी वाळवलं नाही,” ती म्हणाली. “बाबांले इचारा. तुमी रोजच जाता अकोल्याले.”

दुसऱ्या दिवशी सुटल्यावर मी सासऱ्यांकडे गेलो. ते दारातल्या बाजेवर बसले होते, डाव्या हातानं उजवा हात मांडीवर धरून. चहा झाला. मग मी जो प्रश्न विचारला तो शब्दन् शब्द मला आठवतो, कारण गाडीत येताना मी तो मनात जुळवत आलो होतो.

“मामाजी, लाकडाचं वजन उतरायचं थांबलं, म्हणजे लाकूड वाळलं, असंच ना?”

“हो. वजन थांबलं म्हंजे वाळलं,” ते म्हणाले. “काहून?”

“काही नाही. वहीसाठी.”

“तुमच्या वहीपायी एक दिवस ते लाकूड लाजून वाळीन जवाईबापू,” असं म्हणून ते हसले. मीही हसलो.

ड्रायरचं मी त्यांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे मी स्वतःला बरेचदा विचारलं आहे. विसरलो असं म्हणता येत नाही. ते नाही म्हणतील अशी शंका होती, आणि ज्या प्रश्नाला हो येईल असाच प्रश्न मी तयार केला होता. प्रयोगशाळेत कोणी असा नमुना काढला असता तर मी तो परत पाठवला असता.

घरी येऊन मी सांगितलं, “बाबा म्हणाले, वजन थांबलं की वाळलं.”

“ड्रायरचं सांगतलं त्यायले?”

“वाळलं म्हणजे वाळलं. कशानं वाळलं याला काय महत्त्व आहे?”

हे उत्तर नव्हतं. ती म्हणाली, “तुमी इचारलं ना. मंग झालं.”

ऑफिसात मी रीतसर अर्ज केला, विजेचे पैसे भरायची तयारी लिहून दिली. ड्रायरवरचा माणूस अर्ज वाचून म्हणाला, “लाकडं? मांडवाची का सरणाची?” ओंडके न्यायला ओळखीचा टेम्पोवाला होता, आमच्या मागच्या गल्लीतला मुसलमान गृहस्थ, राजापेठेतला बराच माल तोच वाहतो. चोवीस ओंडके चढवून झाल्यावर तो म्हणाला, “साहेब, इतक्या गर्मीत लाकडाले शेकायले नेऊन राह्यले? सर्दी झाली का त्याले?” बायको दारात उभी होती. ती हसली नाही.

नऊ दिवस ओंडके ड्रायरमध्ये होते. हवा चाळीसच्या वर जाऊ दिली नाही. रोज तोलले. पहिले पाच दिवस वजन भराभर उतरलं, मग हळू, आठव्या-नवव्या दिवशी जवळपास थांबलं. प्रत्येक ओंडक्याच्या टोकाची पातळ चकती कापून मी ओलावा काढला. बारा टक्के. काहींचा साडेअकरा.

इथे एक गोष्ट लिहायला हवी. पोत्यातून बियाण्याचा नमुना काढायला टोकदार पोकळ नळी असते, परखी म्हणतात तिला. नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी शिकवतो की परखी पोत्याच्या तोंडाशी खुपसून भागत नाही, मधून आणि तळातूनही दाणे आले पाहिजेत, कारण तोंडाशी पोतं नेहमी जास्त कोरडं असतं. ओंडक्याच्या मधला नमुना घ्यायचा तर ओंडकाच कापावा लागला असता, म्हणजे एक बैल कमी. मी टोकाचा घेतला. चोवीसही वेळा टोकाचाच.

ओंडके परत आले. तिनं प्रत्येकावर लाकडी ठोकणीनं हलकं ठोकून कान लावला. पहिल्या ओंडक्यावर पटाशी लावली तेव्हा थांबली.

“हे वरून कडक लागते अन् आत वेगळंच. पटाशी अडखळून राह्यली.”

मी वही पुढे केली. बारा टक्के.

“मी कागद तासत नाही,” ती म्हणाली. तरी तासत राहिली.

पुढचे साडेचार महिने ती बैलांखेरीज काही करत नव्हती. दोन्ही दुकानांना तिनं सांगून टाकलं की आता फॉल-पिको होणार नाही. मशीनवर तिनं जुनी चादर घातली आणि तिच्यावर रंगाचे डबे ठेवले. तीस बैलांना अजून दोन वर्षं होती, पण चाळीस समोरच होते. मनगट सुजलं की गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायची, पुन्हा बसायची. रविवारी मी कागद घेऊन पाठी-पोटं घासून द्यायचो. ते महिने चांगले गेले, हेही खरं आहे. एकदा पिवळा रंग कालवताना ती आपणहून म्हणाली, “पुढच्या साली हात बसला त पन्नास होतीन.” आजवर ती पुढच्या वर्षाबद्दल असं कधी बोलली नव्हती.

चाळीस बैल ओसरीवर ओळीनं उभे राहिले तेव्हा प्रत्येकाच्या फळीखाली मी नंबर घातला, लॉटला घालतो तसा. एक ते सोळा जुन्या लाकडाचे, सतरा ते चाळीस ड्रायरचे.

पोळ्याच्या आठ दिवस आधी बैल शाळेत पोचले. हवेत तेव्हा चांगली ओल होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मुख्याध्यापिकांचा फोन आला, मी घरीच होतो, मीच उचलला.

“एका बैलाची मान फाटलीय हो.”

“फळीखाली नंबर काय आहे?”

“नंबर? अहो, मान फाटलीय म्हणतेय मी! इकडून बोट घातलं तर तिकडून दिसेल इतकी.”

“तरी बघा ना मॅडम. नंबर.”

त्यांनी बघितला. बावीस.

दुसऱ्या दिवशी आणखी तीन. त्याच्या दुसऱ्या दिवशी सहा. बायको शाळेत जाऊन बसली, भुसा आणि सरस कालवून भेगा भरल्या, वरून रंग दिला. सकाळी भेग पुन्हा उघडलेली असायची, भरलेला भुसा कडेला निघून आलेला. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मोजले तेव्हा चोवीसपैकी एकोणीस फाटले होते. जुन्या सोळांपैकी एकही नाही. टक्केवारी काढायची मला सवय आहे. त्या दिवशी काढली नाही.

मी रजा घेऊन तिच्याबरोबर गेलो. मैदानात तोरण बांधलं होतं, त्याखाली मुलं आपापले बैल घेऊन ओळीनं बसली होती. पालक फोटो काढत होते. एका मुलीनं बैलाच्या पोटाला आपला रुमाल बांधला होता. बायको तिच्यापुढे बसली.

“काकू, याले टाके मारले का?”

“नाही बेटा.”

“मंग मारा ना. माह्या आजोबांले मारले होते पोटाले. मंग ते जेवाले लागले.”

माझ्या शेजारी उभे असलेले एक पालक मला म्हणाले, “लाकूड कच्चं वापरलं असेल. आजकाल सगळ्यांनाच घाई.” मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. बायकोनं ऐकलं होतं. ती उठून उभी राहिली आणि त्यांना म्हणाली, “हो दादा. कच्चं होतं. मीच केले हे बैल.”

कार्यक्रम झाल्यावर तिनं सतरा ते चाळीस सगळे परत मागून घेतले, न फाटलेले पाचसुद्धा, आणि त्यांचे घेतलेले पैसे तिथल्या तिथे परत दिले. मुख्याध्यापिका वाईट बोलल्या नाहीत. “तुमचा हात फार चांगला आहे हो,” त्या म्हणाल्या, “पण पालकांना तोंड मला द्यावं लागतं.” पुढच्या वर्षापासून शाळेत फायबरचे बैल येणार होते.

रिक्षात चोवीस बैल मावले नाहीत. दुसरी रिक्षा करावी लागली. घरी आल्यावर ते तिनं मोजत मागच्या अंगणात ठेवले, हात धुतले, आणि माझ्यासमोर येऊन बसली.

“बाबांले काय इचारलं होतं तुमी? जसंच्या तसं सांगा.”

मी जसंच्या तसं सांगितलं. माझा प्रश्न, त्यांचं उत्तर, त्यांनी काहून म्हणून विचारलं ते, मी काही नाही म्हणालो ते. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

“म्हंजे इचारलंच नाही तुमी,” ती म्हणाली.

मग ती उठून कणीक मळायला गेली. आमच्या लग्नाला तेव्हा तेवीस वर्षं झाली होती. तेवीस वर्षांत तिनं माझ्या सांगण्याची कधी खातरजमा केली नव्हती, कारण मी आकडा फिरवत नाही हे तिला माहीत होतं. त्या दिवसानंतर ती करते. गाडीची वेळसुद्धा आता ती दुसऱ्यांदा स्वतः बघून घेते.

पुढच्या आठवड्यात मी बावीस नंबरचा बैल पिशवीत घालून अकोल्याला नेला. गाडीत मूर्तिजापूरला चढलेल्या एका बाईंनी पिशवीतून बाहेर आलेली शिंगं बघून “किती छान!” म्हटलं. सासऱ्यांनी बैल मांडीवर घेतला. थरथरणारा अंगठा भेगेत घातला आणि मानेपासून पाठीपर्यंत फिरवला.

“आत ओलं होतं,” ते म्हणाले. “वजन थांबलं नव्हतं जवाईबापू. अडकलं होतं.”

मी म्हणालो, “मी तुम्हाला ड्रायरचं सांगायला हवं होतं.”

“हो,” ते म्हणाले. “उन्हाळ्यात लाकूड आटते. पावसाळ्यात फुगते. पुन्हा आटते. हलून हलून थकते, मंग बसते. थकल्याबिगर बसत नाही. तुमी त्याले कोरडं केलं, थकू देलं नाही.” मग बैल माझ्याकडे देत म्हणाले, “मी काहून म्हनून इचारलं, तुमी काही नाही म्हनलं, अन् म्या सोडून देलं. पोरीनं असं म्हनलं असतं त म्या सोडलं नसतं. जवाई हाय म्हनून सोडलं.”

ते मला चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चूक वाटून घेतली.

पुढच्या वर्षी एकही बैल झाला नाही. लाकूडच नव्हतं. तीस ओंडके होते, त्यांचा एकच उन्हाळा झाला होता. लोक आले, ती म्हणाली, पुढच्या साली या. काही जण बाजारातले घेऊन गेले. सहा वर्षांत जोडलेली गिऱ्हाइकं एका वर्षात विसरतात असं मला वाटलं नव्हतं, पण विसरतात. राजापेठेतल्या दुकानांनी फॉल-पिकोचं काम दुसऱ्या बाईला दिलं होतं. एका दुकानानं थोडं परत दिलं. तिनं मशीनवरची चादर काढली, तेल घातलं. नवे ओंडके आणायला ती आरागिरणीवर गेली नाही, त्या हिवाळ्यात नाही आणि पुढच्याही नाही.

दुसऱ्या वर्षी तीस ओंडक्यांचे दोन उन्हाळे पूर्ण झाले होते. मला वाटलं, तीस बैल विकले तर निदान जिथे होतो तिथे येऊ. फाल्गुनात तिनं मला सांगितलं, “शाळेतून त्या लेकरांची यादी आना. सतरा ते चाळीस.”

“त्यांचे पैसे आपण परत केलेत. आपल्याकडे काही बाकी नाही.”

“मी पैशाचं म्हनून राह्यली का?”

मी यादी आणली. तिनं चोवीस बैल त्या चोवीस मुलांसाठी केले, फक्त सहा विकायला. श्रावणातल्या दर रविवारी स्कूटरवर तीन-तीन बैल घेऊन आम्ही पत्ते शोधत फिरलो. दारात गेल्यावर काय सांगायचं ते मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, “मी नाही. तुमी सांगान.”

मग प्रत्येक दारात मी सांगायचो, की दोन वर्षांपूर्वी तुमच्या मुलाला दिलेला बैल फाटला, लाकूड कच्चं होतं, ते मी घाईनं वाळवलं, त्यात हिची चूक नव्हती, हा बदली बैल. पहिल्या दारात मला हे वाक्य पूर्ण करता आलं नाही. पाचव्या-सहाव्या दारापासून येऊ लागलं. ती मागे उभी राहून ऐकायची.

“अगं बाई, आम्ही तर विसरूनही गेलो होतो!” एक बाई म्हणाल्या. एका घरी मुलाच्या वडिलांना ही विक्रीची नवी पद्धत वाटली. ते म्हणाले, “नको हो, आमच्याकडे फायबरचा आहे.” फुकट आहे म्हटल्यावर त्यांना आणखी संशय आला. ती रुमालवाली मुलगी वडिलांच्या बदलीनं यवतमाळला गेली होती. एक मुलगा दारातच म्हणाला, “मी चौथीत आहे काका. मी आता तान्ह्या पोळ्यात जात नाही.” त्याची आई बैल घ्यायला पुढे झाली तर तो म्हणाला, “घेऊ नको, मला हसतील.” बायको त्याला म्हणाली, “बरोबर आहे तुझं,” आणि बैल परत पिशवीत घातला.

चोवीसपैकी पंधरा पोचले. सहा जण गाव सोडून गेले होते, तिघांनी घेतला नाही. उरलेले नऊ आमच्या कपाटावर आहेत. एकानं ते चांगल्या किमतीला मागितले. तिनं नाही म्हटलं. ते कोणाचे तरी आहेत, असं तिचं म्हणणं आहे.

त्या पंधरांपैकी एकही अजून फाटल्याचा फोन आलेला नाही.

या हिवाळ्यात आरागिरणीवाल्याचा फोन आला. दर्यापूरच्या रस्त्यावरचे कडुनिंब आले आहेत, म्हणाला, तीस ओंडके बाजूला ठेवू का. ती मशीनवर बसली होती. फोन खांद्याशी धरून म्हणाली, “बारा ठेवा.”

“ताई, बाराच? बंद करून राह्यल्या का?”

“नाही. बारा ठेवा.”

बारा ओंडक्यांचे बैल होतील तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची असेल. पुढे दर वर्षी थोडे वाढवत तीसवर यायला तिला किती वर्षं लागतील ते मी मनात काढलं. तो आकडा मी तिला सांगितला नाही. तिनं तो आधीच काढलेला असणार, म्हणूनच तिनं बारा म्हटलं असणार. सासरे आता अंथरुणावर आहेत. तिनं त्यांना फोनवर बारा सांगितले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “चांगले पाहून घेजो.”

काल टेम्पो आला. ओंडके उतरवायला मी पुढे झालो. तिनं मला थांबवलं नाही, पण कोणता कुठे ठेवायचा ते दर वेळी स्वतः दाखवलं, आणि मी ठेवल्यावर प्रत्येक ओंडका हातानं हलवून तो विटांवर नीट बसला आहे की नाही ते बघितलं. बाराही. मग शेण कालवायला बसली. मी पाणी आणून दिलं.